सूट आणि तहकुबी

२०१९ च्या जुलैमध्ये बेंगळुरूतल्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, मी एका वाक्याचं चुकीचं भाषांतर केलं. वाक्य डॉक्टरांचं होतं, इंग्रजीतलं आणि अगदी लहान: मुलगी रेमिशनमध्ये आहे. समोर निपाणीजवळच्या खेड्यातली एक आजी होती आणि तिच्या मांडीवर पाच वर्षांची नात. पाच आठवड्यांपूर्वी ती आली तेव्हा पायांवर निळे डाग होते, ताप उतरत नव्हता, उभं राहवत नव्हतं. आता ती आजीच्या पदराचं टोक चघळत माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आजी, बरी झालीय ती."

आजीनं आधी माझ्यापुढे हात जोडले, मग डॉक्टरांपुढे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवापुढे. डॉक्टर पुढे बोलत होते. पुढच्या सोमवारी परत यायचं, पाठीतून इंजेक्शनं असतील, मग आणखी काही महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या, मग दोन वर्षं गोळ्या. मी तेही सगळं नीट सांगितलं. पण त्या पहिल्या शब्दानंतर आजीला काही ऐकू आलं असेल असं मला आज वाटत नाही.

मी पोटापाण्यासाठी कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणते. हॉस्पिटलात जायला लागले ते ओळखीच्या एका डॉक्टरबाईंमुळे. मराठी घरं येतात, कुणी दुभाषा नसतो, तू येशील का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. निपाणी, खानापूर, बेळगाव, भालकी, औराद अशा गावांतली ही माणसं. कोल्हापूर निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर, बेंगळुरू रात्रभराच्या. तरी ती इथं येतात, कारण भाषा मराठी असली तरी रेशनकार्ड कर्नाटकचं, आणि सरकारी आरोग्य योजनेचा पैसा कार्डामागून जातो. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही राज्यांत बराच गदारोळही झाला. पण ती नंतरची गोष्ट. तेव्हा रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस हाच रस्ता होता.

सोमवार उलटला, त्यापुढचा सोमवारही उलटला, तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला: तुमचे निपाणीचे लोक आले नाहीत. मी आजींना फोन लावला. मागे गुरं हंबरत होती. त्या म्हणाल्या, "ताई, बरी झाली न्हवं पोरगी? तुमीच म्हनला की. सून भरल्या दिवसांची हाय. तिचं बाळतपन हुंदे, मग येताव."

रेमिशन या शब्दात नेमकं काय होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट शोधायला बसले. भाषांतरकारानं हे आधी करायचं असतं.

वैद्यकीय अर्थ सरळ आहे. रक्ताच्या कॅन्सरच्या ज्या प्रकाराला डॉक्टर ए.एल.एल. म्हणतात, त्यात निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात बिघडलेल्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्या इतक्या कमी होतात की अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जवळपास दिसेनाशा होतात. मूल खायला लागतं, खेळायला लागतं. याला रेमिशन म्हणतात. पण दिसेनाशा झाल्या म्हणजे संपल्या असं नाही. त्या हजार कोटींपर्यंत उरलेल्या असू शकतात. उपचार इथं थांबवले तर आजार बहुधा परत येतो, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

या 'दिसेनाशा होण्या'ला इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात शोधत गेले तर मी बोस्टनला पोचण्याआधी परळला पोचले.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी त्या वेळी चालू होती, आणि तिच्याकडे त्यातला एक तुकडा आला: गरोदरपणातला पंडुरोग. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये ती काम करत होती. तिच्यासमोर होत्या त्या गिरणीत काम करणाऱ्या आणि गरीब वस्त्यांमधल्या बायका. त्यांत मुसलमान बायकांचं प्रमाण जास्त दिसत होतं. त्यांचं रक्त पातळ होत जाई, तांबड्या पेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं कमी. तिनं जंतू शोधले, सापडले नाहीत. मग ती त्यांच्या ताटाकडे वळली. या बायका खात होत्या तसंच अन्न तिनं उंदरांना घातलं, मग माकडांना. माकडंही तशीच आजारी पडली. आणि एका माकडाला मार्माइट दिल्यावर ते सुधारलं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. विल्सनं तो बायकांना दिला. काही दिवसांत रक्त भरून यायला लागलं. १९३१ मध्ये तिनं हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पुढची काही वर्षं त्या अज्ञात घटकाला तिचंच नाव चिकटलं होतं.

या बायकांची नावं कुठल्या निबंधात नाहीत. असणारही नाहीत, पेशंटची नावं छापत नाहीत, ते योग्यच आहे. तरी परळच्या त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर चाळींकडे बघताना मला त्यांतल्या एखादीचं नाव तरी ठाऊक असावं असं वाटलं खरं.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक उकळून, गाळून तोच घटक वेगळा केला आणि पानाचा म्हणून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. तो प्रयोगशाळेत बनवण्याचं काम लेडर्ली कंपनीत झालं, आणि तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याचा एक भाऊ स्प्रू नावाच्या आजारानं गेला होता. आतड्यांना अन्न शोषता येत नाही आणि माणूस वाळत जातो, असा तो आजार. फॉलिक ॲसिड हे त्याच स्प्रूवरचं औषध निघालं, भावासाठी वीस-पंचवीस वर्षं उशिरा. सुब्बाराव भारतात परत कधीच आला नाही आणि १९४८ मध्ये वारला. त्याच्याविषयी आपल्याकडे जेवढं लिहिलं जायला हवं तेवढं लिहिलं गेलेलं नाही, पण ती तक्रार इथली नव्हे.

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर नावाचा पॅथॉलॉजिस्ट होता. त्याचा दिवस तळघरात मेलेल्या मुलांची शरीरं तपासण्यात जाई. ल्युकेमिया झालेली मुलं तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. डॉक्टरांच्या हाती रक्त देणं आणि आईबापांना धीर देणं एवढंच होतं. फार्बरनं ऐकलं होतं की फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारतं. म्हणून त्यानं ते या मुलांना दिलं. आजार मंदावण्याऐवजी भडकला. पेशीला दुभंगून दुसरी पेशी करायची तर फॉलिक ॲसिड लागतं. आणि ज्या पेशी वेड्यासारख्या वाढत होत्या त्यांना त्यानं खाऊच घातला होता. ही चूक साधी नव्हती. ती मुलं कुणाची तरी होती.

पण या चुकीतूनच त्याला उलटा रस्ता दिसला. खाऊ देऊन आजार वाढतो, तर खाऊसारखं दिसणारं, पण पेशीला वापरता न येणारं काही दिलं तर? असे नकली रेणू सुब्बारावची माणसं बनवत होती. त्यांतलं ॲमिनोप्टेरिन फार्बरनं १९४७ च्या डिसेंबरअखेर एका दोन वर्षांच्या मुलाला दिलं. मुलाच्या पांढऱ्या पेशी उतरायला लागल्या. त्याची प्लीहा लहान झाली, तो चालायला लागला. ३ जून १९४८ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फार्बर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६ मुलांची हकिगत मांडली. त्यांतल्या १० जणांत सुधारणा दिसली होती. आणि सुधारणा तात्पुरती आहे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. तो दोन वर्षांचा मुलगा त्याच वर्षी गेला.

म्हणजे ल्युकेमियाच्या बाबतीत रेमिशन हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला तेव्हा त्याचा अर्थच 'थोडे दिवस' असा होता. आईबापांना मिळालेले थोडे दिवस. पुढची पंधरा वर्षं औषधं वाढत गेली. ॲमिनोप्टेरिनच्या जागी त्याचा भाऊ मेथोट्रेक्सेट आला. गर्ट्रूड एलियननं ६-मर्कॅप्टोप्युरिन शोधलं, ते १९५३ मध्ये बाजारात आलं. कॅनडातल्या संशोधकांनी सदाफुलीच्या पानांचा अर्क मधुमेहासाठी तपासायला घेतला होता. त्यानं साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन औषधं निघाली. सदाफुली आपल्याकडे तुळशीवृंदावनाच्या शेजारी कुणी न लावता उगवते. वॉर्डातल्या एका नर्सनं मला सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, ह्यात आमचं नित्यपुष्प आहे. मला आधी वाटलं ती धीर द्यायला काहीतरी सांगतेय.

तरी १९६२ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा या आजाराची शंभरातली चारच मुलं वाचत होती. तिथल्या डोनाल्ड पिंकेलनं ठरवलं की रेमिशन हे ठिकाण नाही, तो वाटेवरचा थांबा आहे. सगळी औषधं एकत्र द्यायची. मेंदूत औषध पोचत नाही, तिथं लपलेल्या पेशींसाठी पाठीच्या कण्यातून इंजेक्शन आणि डोक्याला किरणं द्यायची. आणि मूल धडधाकट दिसायला लागल्यावरही गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या. पुष्कळ डॉक्टरांना तो क्रूरपणा वाटला. मरणाऱ्या मुलांचा छळ कशाला, असं बोललं जाई. १९७० च्या सुमाराला त्याची निम्मी मुलं वाचायला लागली.

मला इथं थांबावंसं वाटतं. औषधाइतकीच इथं आणखी एक गोष्ट शोधली गेली होती: न दिसणाऱ्या आजाराला औषध देत राहण्याची चिकाटी. आणि ती चिकाटी डॉक्टर लिहून देऊ शकत नाही. ती आजी, आई, बाप, काका यांच्याकडून यावी लागते. ताप उतरल्यावर बाटलीतलं उरलेलं औषध ठेवून देणारी आपली घरं. 'अंगावर काढणं' हा शब्दप्रयोग ज्या भाषेत आहे, त्या भाषेत हे सांगायचं असतं. (या शब्दप्रयोगाला इंग्रजी प्रतिशब्द मला वीस वर्षांत सापडलेला नाही.)

भारतात हे पोचायला वेळ लागला. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं होतं, हाफकिनपासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामागे मेहेरबाई टाटांचा मृत्यू होता; १९३१ मध्ये त्या ल्युकेमियानं गेल्या. त्यांचे वडील म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि बालपणीची काही वर्षं त्यांनी इथं बेंगळुरूत काढली होती. बेंगळुरूचं किडवई हॉस्पिटल १९७३ चं. पण इमारती असल्या तरी सत्तरच्या दशकात इथल्या मोठ्या कॅन्सर केंद्रांतही ए.एल.एल. झालेल्या मुलांपैकी चार वर्षं आजाराशिवाय राहणारी २० टक्क्यांहून कमी होती. १९८० च्या दशकात मुंबईचं टाटा, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेतल्या इयन मॅग्राथ यांच्याबरोबर एकच उपचारपद्धती ठरवली. तिचं नाव रुक्ष होतं, एम.सी.पी. ८४१. अमेरिकेतली पद्धत तशीच्या तशी आणली तर इथल्या मुलांना जंतुसंसर्गातून वाचवणं आणि खर्च पेलणं दोन्ही अवघड जाईल, हे ओळखून ती आखली होती. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर तिघांचे आकडे ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. हे आकडे वाचताना आनंद होतो आणि लगेच उरलेले आठवतात.

उरलेल्यांमध्ये काही असे असतात की त्यांना औषध लागू पडलेलं असतं. ती मुलं घरी जातात आणि परत येत नाहीत. डॉक्टरांच्या भाषेत याला 'उपचार सोडणं' म्हणतात. गरीब देशांतल्या बालकर्करोगाच्या कुठल्याही चर्चेत तो एक स्वतंत्र मुद्दा असतो. शब्द असा आहे की दोष घराकडे जातो. प्रवासाचा खर्च, बापाची बुडलेली मजुरी, शेतातली कापणी, दुसऱ्या मुलांचे हाल, ही कारणं खरीच. पण मी त्या जुलैत त्यांत एक भर घातली होती: दुभाषानं चुकीचा शब्द वापरला.

योग्य शब्द कुठला होता? संस्कृतातून 'उपशम' उचलता येतो, पण तो निपाणीच्या आजींना सांगून उपयोग नव्हता. मराठीत चांगला शब्द आहे, 'गुण येणं'. औषधाचा गुण आला म्हणजे औषध लागू पडतंय. आजार गेला असं त्यात कुणी म्हणत नाही. हा शब्द मला आधी सुचायला हवा होता. पण इथं आणखी एक गंमत आहे. कन्नडमध्ये 'गुण आयितु' म्हणजे बरं झालं, पूर्ण बरं. गुणमुख म्हणजे आजारातून उठलेला. सीमेवरची माणसं दोन्ही भाषांत राहतात. आजी 'गुण आला' ऐकून मराठी अर्थ घेतील की कन्नड, हे मी सांगू शकत नाही. एकाच अक्षरांचा शब्द घटप्रभेच्या एका काठावर आशा सांगतो, दुसऱ्या काठावर निकाल.

उत्तर आजोबांनी दिलं, फोनवर. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आजींनी तो त्यांच्याकडे दिला. तंबाखूची शेती, थोडी बांधावरून वादात अडकलेली. चिकोडीच्या कोर्टात तारखा चालू. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. आजार दिसत नाही पण आहे, गोळ्या थांबवल्या तर परत येईल, माझंच सांगायला चुकलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे केस निकाली न्हाई. तहकूब हाय."

रेमिशनचा हा मराठी अर्थ कुठल्या वैद्यकीय कोशात नाही. पण महसुलाच्या दप्तरात तो दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे, फक्त उलटा. मुंबई इलाख्यात पीक बुडालं की शेतसाऱ्याबाबत सरकार दोनपैकी एक करी. सारा पुढे ढकलला तर ती तहकुबी. माफ केला तर ती सूट. इंग्रजी कागदांत तहकुबीला सस्पेन्शन म्हणत आणि सूट म्हणजे रेमिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगावी फिरून रयतेला तिचे हक्क समजावून सांगत होती, ते याच गोष्टींविषयी. तहकुबी मिळालेला शेतकरी सुटलेला नसे. पुढच्या सुगीला कुळकर्णी दारात येई. त्या दप्तरातल्या रेमिशनचा अर्थ कायमची सूट, आणि डॉक्टरांच्या रेमिशनचा अर्थ तहकुबी. मी डॉक्टरांचा शब्द महसुलाच्या अर्थानं सांगून बसले होते.

त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, आणि हॉस्पिटल म्हणजे आपलं माणूस ओढून नेण्याची जागा, ही भीती तेव्हापासून कितीतरी घरांत बसली. सोजीर घरात शिरत, आजारी माणूस प्लेगच्या दवाखान्यात जाई, बाकीचे छावणीत. सावित्रीबाई फुले गेल्या त्याही एका मुलाला हॉस्पिटलात नेताना. मुंढव्याच्या प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोचल्या, आणि मग स्वतः प्लेगनं १० मार्चला वारल्या. पुढल्या वर्षी प्लेग बेंगळुरूला आला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या ऐसपैस वस्त्या वाढल्या त्या त्याच्याच धाकानं.

विलायतेत मात्र आईबापांना वॉर्डाबाहेर ठेवणं हा नेहमीचाच नियम होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या कितीतरी हॉस्पिटलांत आजारी मुलाला आठवड्यातून एकदा भेटता येई. आई आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं, त्यापेक्षा येऊच नये, असा हिशेब. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसननं दोन वर्षांच्या एका मुलीचे हॉस्पिटलातले आठ दिवस कॅमेऱ्यात धरले. ती फारशी रडत नाही, आणि तेच बघवत नाही. डॉक्टर मंडळी फिल्म बघून चिडली. १९५९ मध्ये प्लॅट समितीनं सांगितलं की भेटीला वेळेचं बंधन नको आणि लहान मुलांसोबत आईला राहू द्यावं.

आपल्याकडे हा प्रश्न उलट बाजूनं पडतो. पेशंट दाखल करताना पहिला प्रश्न असतो, सोबत कोण आहे? सोबत असणाऱ्यानं रक्ताची सोय करायची, रिपोर्ट आणायचे, डबा आणायचा, रात्री सलाइनकडे लक्ष ठेवायचं. हे माणुसकीतून आलं की नर्सच्या तुटवड्यातून, यावर वाद घालता येईल. मला वाटतं दोन्हीतून. बेंगळुरूत त्या माणसाला 'अटेंडर' म्हणतात. सरकारी कचेरीतल्या शिपायालाही इथं अटेंडरच म्हणतात, आणि कामं बघता फार चूक नाही. प्रश्न असतो तो रात्री या सोबतीनं झोपायचं कुठं. टाटाच्या बाहेर फुटपाथवर महिनोन्‌महिने राहणारी घरं ज्यानं पाहिली आहेत त्याला गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा काय आहे ते सांगावं लागत नाही. बाबा शाळा न शिकलेले, पण देवळापेक्षा धर्मशाळा बांधा म्हणणारे. पंढरपूर, आळंदीच्या धर्मशाळा वारकऱ्यांसाठी होत्या. केमोच्या तारखा घेऊन येणारी माणसं हेही एका अर्थी वारीवरचेच, फक्त ही वारी अडीच-तीन वर्षांची. किडवईच्या आवारातही इन्फोसिस फाउंडेशननं अशी धर्मशाळा बांधली आहे. मूल वाचण्यात औषधाचा वाटा किती आणि थोडक्या पैशांत मिळणाऱ्या खाटेचा किती, हे कुणी मोजलं तर मला ते वाचायला आवडेल.

आजोबांना तहकूब समजलं तो दिवस ३१ जुलै होता. त्यांनी ४ ऑगस्टच्या रात्रीची गाडी ठरवली. त्या आठवड्यात पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा फुगल्या. निपाणीजवळ यमगर्णीला आणि तिकडे कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, सांगली बुडाली. माझे आईवडील सांगलीत. मी ते दिवस दोन फोन घेऊन काढले. ९ ऑगस्टला गावातच, आरोग्य केंद्रात, सून बाळंत झाली. मुलगी. १६ तारखेला आजी आणि बाप नातीला घेऊन बेंगळुरूत उतरले. पंचवीस दिवस उशीर.

त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती सून नऊ महिने आशाताईनं दिलेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या घेत होती, परळच्या त्या गिरणीतल्या बायकांमुळे सापडलेल्या. आणि तिची थोरली मुलगी त्याच फॉलिक ॲसिडची वाट अडवणारं औषध पाठीतून घेत होती. मी हे आजींना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, धाकटीला चालेल न्हवं पन? चालेल, म्हटलं.

मज्जेचा नमुना पुन्हा तपासला, चांगला आला. उशिरानं काही बिघडलं का, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एका मुलाच्या बाबतीत हे कधीच सांगता येत नाही, शंभर मुलं घेतली तर सांगता येतं. मी ते उत्तर घेऊन घरी आले. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या निपाणीपर्यंत कशा पोचल्या ती वेगळी कथा आहे, त्यात एक दुधाचा टेम्पो आहे. २०२२ मध्ये गोळ्या संपल्या. ती आता सहावीत आहे. वर्षातून एकदा रक्त तपासायला येते, तेव्हा आजोबा पुढची तारीख विचारतात.

त्यानंतर हॉस्पिटलसाठी मी एक मराठी पत्रक केलं. पान दुसरं, वाक्य पहिलं: 'औषधाला गुण आला आहे, आजार मात्र तहकूब आहे, उपचार संपलेले नाहीत.' त्याखाली ठळक अक्षरांत मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची; रोज घेतली तर जिवाला धोका. मसुदा पुण्याच्या एका तरुण डॉक्टरांनी तपासला. 'तहकूब'खाली त्यांनी लाल रेघ मारली होती: हा शब्द कोर्टातला वाटतो, 'नियंत्रणात' चालेल का? मी भालकीच्या एका बापाला दोन्ही वाचून दाखवले. त्यानं 'नियंत्रणात'वर मान हलवली. 'तहकूब'वर विचारलं, "पुढची तारीख कवाची?"